चुन्याची निवळी

“पान जमवतीस काय गं पोरी?” दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं. “चुना तर घेतलास. कात कुठाय?”

मला हसू आलं नाही. आत्तींच्या डबीतला खायचा चुना पाण्यात कालवून मी आदल्या संध्याकाळी बाटली झाकून ठेवली होती. आता चुना तळाला बसला होता आणि वरचं पाणी नितळ झालं होतं. तळ न हलवता ते वरचं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं होतं. 

“बी.एस्सी. झालीया ती,” आबा कट्ट्यावरून म्हणाले. “आमच्या म्हाताऱ्याला सलाईन लावणार हाय.”

माझ्या शेजारी खरोखरच सलाईनची नळी होती, गावातल्या मेडिकलमधून आणलेली. आणि म्हातारा म्हणजे समोर उभा असलेला ट्रॅक्टर. आबांच्या वडिलांनी तो घेतला तेव्हा तो परदेशातून जहाजानं मुंबईला उतरला होता म्हणे. त्याच्या नाकावरची अक्षरं कधीच झिजून गेली होती. नवे ट्रॅक्टर गावात ढिगानं होते, पण हळद पॉलिश करायचा ड्रम या म्हाताऱ्याच्याच पुलीवर पट्टा चढवून फिरायचा, आणि आबा दुसरं कुठलंही इंजिन त्याला जोडू देत नसत.

याला आता सहा वर्षं झाली. मी केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाले होते आणि एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं यायची वाट बघत होते. घरी बसून काय करायचं, म्हणून हळदीच्या हंगामात ताईच्या सासरी मदतीला आले होते. कृष्णाकाठचं गाव. दाजी फौजेत, सीमेवर कुठेतरी. घरात ताईचे सासरे आनंदराव खराडे, म्हणजे आबा (ताई त्यांना मामा म्हणायची), सासूबाई, म्हणजे आत्ती, आणि वनिताताई. शिजवून वाळवलेल्या हळकुंडांचा ढीग खळ्यावर पडला होता. जिकडेतिकडे पिवळी धूळ. पाण्याचा पेला उचलला तरी बोटांचे पिवळे ठसे उमटायचे.

ट्रॅक्टर मात्र बंद होता. महिन्यापूर्वी दस्तगीर मिस्त्रींनी त्याचं हेड गॅस्केट बदललं होतं. इंजिनाचा ठोकळा आणि त्याच्यावरचं जड झाकण, म्हणजे हेड, या दोन्हींच्या मध्ये हे पातळ पत्र्यासारखं गॅस्केट असतं. त्याच्या एका अंगाला आग आणि दुसऱ्या अंगाला थंड करणारं पाणी. त्या दोघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. नवं गॅस्केट टाकूनही ड्रम थोडा वेळ फिरला की रेडिएटरचं पाणी उकळायला लागायचं, आणि धुराड्यातून पांढरी वाफ.

आदल्या दिवशी सकाळी आबा दूध घालायला डेअरीत गेले आणि रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, “दस्तगीरनं जुनंच गॅस्केट पुसून बसवलं आन् नवं म्हून सांगितलं. चोर हाय.”

गावात आता चकचकीत गॅरेजं झाली होती. दस्तगीर मिस्त्रींकडे येत ती फक्त जुनी इंजिनं, आणि त्यांचे जुने मालक. ती माणसं मिस्त्रींना जुन्या ओळखीवर बोलवायची. तो शब्द डेअरीतून गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत एकानं मिस्त्रींकडे दुरुस्तीला टाकलेला पंप परत नेला. संध्याकाळी मिस्त्री स्वतःहून, न बोलावता, खराड्यांच्या दारात आले.

“आबा, गॅस्केट नवं हाय. दुसरं कायतरी हुतंय. पण तुमी म्हनाल तर खोलतो.”

“खोलायचं म्हंजी दिस मोडला. हळद कोन पॉलिश करणार, तू?”

तेव्हा मी मध्ये बोलले. गॅस्केट गळत असेल तर इंजिनातला धूर पाण्यात शिरतो. त्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधासारखी पांढरी होते. शाळेतला प्रयोग. निवळी स्वच्छ राहिली तर गॅस्केट शाबूत, खोलायची गरजच नाही.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. “कर पोरी. कर. समद्यांसमोर कर.”

ताईनं मात्र मला हाताला धरून आत नेलं होतं. “ए सारे, कशाला लुडबुड करतीस? त्यांचं ते बघतील.”

“अगं, पाच मिनिटांचं काम आहे. माणसावरचा आळ जाईल.”

ताई परातीतलं पीठ मळत राहिली. मला वाटलं, सासऱ्यांसमोर बहिणीनं पुढं पुढं केलेलं तिला आवडलं नसावं.

तर सकाळ झाली होती. इंजिन रात्रभर थंड झालं होतं आणि मला ते थंडच हवं होतं. गरम इंजिनात पाणी आपोआप उकळतं, आणि मग कुठला बुडबुडा वाफेचा आणि कुठला धुराचा ते कळत नाही. मी रेडिएटरचं झाकण काढलं. तोंडावर स्वयंपाकघरातलं नरसाळं उलटं ठेवलं, कडेनं कणीक थापून फट बुजवली, नरसाळ्याच्या नळीला सलाईनची नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक निवळीच्या बाटलीत बुडवलं.

“पुरनपोळी व्हतीया जनू,” मिस्त्री म्हणाले. ते हसत होते, पण दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गच्च धरलेले.

“वनिता, चालू कर,” आबा म्हणाले.

ताई सीटवर चढली. ट्रॅक्टर चालवायला तिला मिस्त्रींनीच शिकवलं होतं, मागच्या दिवाळीत. माझ्याकडे न बघता तिनं चालू केला. म्हातारा खोकला, थरथरला आणि धडधडायला लागला.

लगेच बुडबुडे आले. बाटलीत एकामागून एक. मी मनात म्हटलं, नळीत अडकलेली हवा असेल. असू दे, हवाच असू दे. पण निवळीत आधी धुकट रेघ दिसली, मग ती पसरली, आणि बघता बघता बाटली ताकासारखी पांढरी झाली.

“झालं?” आबांनी विचारलं.

“हो.”

“मंजी गॅस्केट गेलंय.”

“गॅस्केट किंवा हेडला चीर. पण धूर पाण्यात येतोय.”

मिस्त्रींनी पाठीमागचे हात सोडले. ते बाटलीकडे बघतच राहिले. मी ज्या कामाला निघाले होते त्याच्या नेमकं उलटं करून बसले होते. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात रेडिएटरमध्ये मोठी उसळी आली आणि नळीतून वायूबरोबर पाण्याचा एक घोट बाटलीत येऊन पडला.

तो घोट जिथं पडला तिथं पांढऱ्या निवळीत लाल ढग उठला. गडद, विटकरी लाल. मी बाटली उजेडात धरली. भीती, मिस्त्री, आबा, सगळं विसरले. हा रंग मला माहीत होता. प्रत्येक मराठी घरात माहीत असतो.

“कुंकू!” आत्ती दारातून म्हणाल्या.

“बरोबर! हळद आणि चुना!” मी ओरडले. “रेडिएटरच्या पाण्यात हळद आहे! ताई, बघ ना!”

इंजिन बंद पडलं. कुणी सांगितलं नव्हतं. ताईनं बंद केलं होतं. ती सीटवर बसून होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि माझ्याकडे बघत होती. त्या नजरेनं माझ्या हातातली बाटली एकदम जड झाली.

आमचे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. सुट्टीत आम्हा दोघींना ते कधीकधी बरोबर न्यायचे. घाटात रेडिएटर ठिबकायला लागला की सीटखालचा डबा काढायचे आणि त्यातली हळद रेडिएटरमध्ये टाकायचे. “जखमेला लावतो तसंच,” म्हणायचे. हळदीचा गाळ बारीक भोकात जाऊन बसतो आणि ठिबकणं थांबतं. तेवढ्यापुरतं. गॅरेज गाठेपर्यंत. ही युक्ती या अंगणात कुणाला माहीत असेल तर ती आम्हा दोघी बहिणींना.

“हळद न्हाई असं हितं हाय काय?” आत्ती म्हणाल्या. “दुधात सुदिक धूळ पडती. तिकडं बी पडली आसंल.”

“धुळीनं काय गॅस्केट जळत न्हाई,” आबा म्हणाले. “दस्तगीर, खोल. आता बघायचंच हाय मला.”

मिस्त्रींनी पोत्यातले लोखंडी पाने काढले. हेडवरचे नट सोडवताना त्यांना नेहमी लागतो त्याहून जास्त वेळ लागत होता, की मलाच तसं वाटत होतं कोण जाणे. उन्हं अंगणात उतरली. ताई आत निघून गेली होती. शेवटी मिस्त्री आणि आबा, दोघांनी मिळून हेड उचललं आणि पोत्यावर ठेवलं.

दोन सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गॅस्केट जळून काळं पडलं होतं. मिस्त्रींनी ते अलगद सोडवलं, कडेचा शिक्का अंगठ्यानं पुसला आणि आबांपुढे धरलं.

“वाचा. जुनं हाय का नवं, वाचा.”

आबांनी चष्मा लावला. शिक्का स्वच्छ होता. गॅस्केट नवंच होतं. क्षणभर मला वाटलं, सुटलो. पण आबांचं लक्ष आता हेडच्या खालच्या अंगाला गेलं होतं. पाणी जायच्या भोकांकडे. त्यातली निम्मी पिवळट, चिकट गाळानं बुजली होती.

“आन् हे?”

मिस्त्री वाकले. तारेनं एक भोक उकरलं, बोटावर गाळ घेतला.

“पानीच फिरत न्हवतं,” ते हळू म्हणाले. “म्हून तापलं. म्हून जळलं.”

“मागच्या खेपेला हेड उघडलंवतं तवा ही भोकं साफ केलीवतीस?”

“तारेनं. एकूनएक.”

“मग एका महिन्यात एवढी धूळ आत गेली? झाकन लावलेल्या रेडिएटरमदी? खोटं बोलू नगंस दस्तगीर. गॅस्केट नवं टाकलंस, पन घान तशीच ठेवलीस. सालोसालची घान हाय ही.”

मिस्त्रींनी बोट नाकाशी नेलं. वास घेतला. मग त्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, अगदी ओझरतं. बोट चिंधीला पुसलं.

“ऱ्हायलं आसंल माझ्याकडनं,” ते म्हणाले.

“काय?”

“वय झालं आबा. ऱ्हायलं आसंल.”

“हेच सांजच्याला डेअरीत येऊन बोलायचं. समद्यांपुढं. आन् त्यानंतर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई.”

मिस्त्रींनी मान हलवली. मी तिथून उठले आणि आत गेले.

ताई चुलीपुढे नुसती बसली होती. चुलीत जाळ नव्हता.

“किती टाकलीस?” मी विचारलं.

तिनं नाकारलं नाही. “दोन वाट्या. पयल्या दिवशी एक, मग परत एक.”

“दोन वाट्या! अगं, बाबा चिमूटभर टाकायचे.”

“मूठभर टाकायचे. मला आठवतंय.” मग ती भिंतीकडे बघत बोलायला लागली. मिस्त्री काम करून गेले त्याच आठवड्यात ती ट्रॅक्टर मागे घेत असताना शेडचा लोखंडी खांब समोरून लागला होता. चाक जरा जास्त वळलं. जाळी दबली, रेडिएटर ठिबकायला लागला. जाळी तिनं हातानं सरळ केली. पण थेंब थांबेना.

“मिस्त्रींना सांगायचं होतंस.”

“मिस्त्री आले की मामा इचारणार, कशाला आला? मामांनी चावी दिली तवाच बोलले होते. बाईचा हात हाय, एक दिस कुठंतरी ठोकणार. त्या दिवसानंतर चावी परत न्हाई मिळायची. यंदा आतापर्यंतची सगळी हळद मी पॉलिश केली, सारे. शेजारच्यांची बी. हे तिकडून फोन करतात तर सगळ्या पलटणीला सांगतात, माझी बायको ट्रॅक्टर चालवती.”

“मिस्त्री तुझ्यासाठी आळ घेतायत. त्यांना कळलंय.”

“मला काय दिसत न्हाई?”

“मग बोल.”

ती माझ्याकडे वळली. एवढी शांत ताई मी कधी बघितली नव्हती. “तू आज ना उद्या जाशील. प्रयोगशाळेत बसशील, पांढरा कोट घालून. मला हितं ऱ्हायचंय.”

मी उभी राहिले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेर मिस्त्री भोकं तारेनं घासत होते त्याचा करकर आवाज येत होता. संध्याकाळी दुधाच्या रांगेत तो माणूस उभा राहणार होता आणि आपण न केलेली चूक कबूल करणार होता. त्यानंतर त्याच्याकडे कोण इंजिन आणणार?

मला एक मधली वाट दिसली. ताईचं नाव न घेता मिस्त्रींना सोडवता आलं असतं. हळद सालोसालची नाही, हेड बंद केल्यानंतर टाकलेली आहे, एवढंच सिद्ध करायचं. ती कुणी टाकली हा प्रश्न वेगळा.

मी उरलेली निवळी दोन पेल्यांत घेतली आणि अंगणात गेले. इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, धुराड्याच्या बुडाशी, तेलात भाजून कडक झालेला धुळीचा थर होता. कित्येक हंगामांची हळद त्यात असणार. मी चाकूनं तो खरवडला.

“ऱ्हाऊ दे पोरी,” मिस्त्री मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे ना?”

“मला काय म्हाईत? म्या म्हातारा मानूस.” ते तार फिरवत राहिले. “चांगली चालवती ती. गेर टाकताना आवाज बी येत न्हाई. ऱ्हाऊ दे.”

मी आबांना हाक मारली. एका पेल्यात बाहेरचा जुना थर टाकला. तो नुसता विरघळल्यासारखा होऊन तपकिरी झाला. दुसऱ्या पेल्यात हेडच्या भोकातला गाळ टाकला. तो लालभडक झाला.

“बघा आबा. जुनी हळद उष्णतेनं मरते. तिला चुना लावला तरी रंग येत नाही. भोकातली हळद अजून जिवंत आहे. ही सालोसालची नाही. गॅस्केट बसवल्यानंतर आत गेली, आणि धूळ म्हणून नाही, वाटीनं.”

बोलतानाच मला माझ्या पुराव्यातली भोकं दिसत होती. बाहेरच्या थरावर ऊनही पडत होतं आणि उन्हानंही हळद विटते. तिथलं तापमान वेगळं, आतलं वेगळं. कॉलेजात सरांनी मला इथंच थांबवलं असतं. पण आबा सर नव्हते. त्यांनी दोन्ही पेले हातात घेऊन बराच वेळ बघितले.

“वाटीनं,” ते म्हणाले. “मंजी कुनीतरी टाकली.”

“हो.”

“कुनी?”

“ते निवळी सांगत नाही.”

आबांनी पेले कट्ट्यावर ठेवले. त्यांचा चेहरा बदलला, आणि जसा बदलायला हवा होता तसा नाही. ते मिस्त्रींकडे वळले.

“तूच टाकलीस.”

मिस्त्रींच्या हातातली तार थांबली.

“तूच! ट्रॅक्टर परत बंद पडावा, परत तुला बोलवावं! चार दिस कोन काम देत न्हाई म्हून माझ्या म्हाताऱ्याच्या पोटात घान घातलीस! एवढी वर्सं मी तुला घरातला समजलो आन् तू...”

“आबा, नाही, तसं नाही...” मी म्हणाले.  मी मिस्त्रींना निष्काळजीपणातून सोडवून सरळ हरामखोरीत नेऊन टाकलं होतं.  मिस्त्रींनी नुसतं आबांकडे बघितलं.  मग ते आपली हत्यारं पोत्यात भरायला लागले. एक पाना हातातून निसटून कट्ट्यापुढच्या फरशीवर खणकन पडला.

“ठेवा ते मिस्त्री.”

ताई दारात होती. डोक्यावरचा पदर नीट करून ती अंगणात आली आणि आबांपासून जरा लांब उभी राहिली.

“मामा, हळद मी टाकली.”

आत्तींच्या हातातलं सूप थांबलं.

“खांबाला लागला होता. रेडिएटर ठिबकत होता. आमचे बाबा ट्रकात टाकायचे तशी टाकली. मिस्त्रींना काय म्हाईत न्हवतं. त्यांनी भोकं साफ केलीवती, मी बघितलंय. तार मीच धरून दिलीवती.”

“कुठल्या खांबाला?”

तिनं दाखवला. आबा चालत शेडपर्यंत गेले. खांबावर लाल रंगाचा ओरखडा होता, म्हाताऱ्याच्या रंगाचा. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. परत येऊन ते कट्ट्यावर बसले. मी शिव्यांची वाट बघत होते. आत्तीही बघत होत्या. ताई मान खाली न घालता उभी होती. फक्त तिच्या पायांची बोटं जमिनीत रुतली होती.

“आन् मी काल डेअरीत त्याला चोर म्हटलं,” आबा स्वतःशी म्हणाले.

 मग मिस्त्रींनी पोतं परत उघडलं.

“दुसरं गॅस्केट हाय माझ्याकडं,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “मागल्या खेपेला जोडीच मिळालीवती. पोरी, पट्टी दे ती.”

पोरी म्हणजे मी नव्हे. ताई पुढे झाली. त्यांनी हेडवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघितलं. हेड तापलं होतं, पण वाकलं नव्हतं. ताईनं ठोकळ्याचा माथा घासून, पुसून आरशासारखा केला. प्रत्येक भोकात तार घातली, वर पाणी ओतलं, खालून धार पडलेली बघितली. रेडिएटर काढून उलटा धुतला. त्यातून निघालेलं पिवळं पाणी अंगणभर पसरलं. मिस्त्रींनी त्याच्या ठिबकणाऱ्या जागेला कथिलाचा डाग दिला. मग गॅस्केट, त्यावर हेड, आणि नट. मधल्यापासून सुरू करून बाहेर, एक इकडचा, एक तिकडचा. दोघांच्या हालचालीत एक सवय होती. मिस्त्रींनी पाना मागायच्या आत ती तो पुढे करायची. आबा कट्ट्यावरून बघत होते. दुपारचं जेवण कुणी मागितलं नाही, कुणी वाढलं नाही.

उन्हं कलली तेव्हा मिस्त्री बाजूला झाले. “लाव.”

ताई सीटवर चढली. मी रेडिएटरच्या तोंडावर वाकले. म्हातारा खोकला, थरथरला, धडधडायला लागला. पाणी गोल फिरत होतं. एकही बुडबुडा नव्हता. मी निवळी मागितली नाही. इंजिन तापलं, तरी पाणी तसंच, शहाण्यासारखं. मिस्त्रींनी हेडच्या कडेनं तळहात फिरवला आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

आबा उठले. ट्रॅक्टरपाशी आले.

“उतर,” ते म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. इंजिन चालूच होतं.

“मामा, मी डेअरीत जाऊन सांगते. माझ्या तोंडानं सांगते सगळ्यांना, मिस्त्रींचा...”

“तू बोललीवतीस काय त्याला चोर? मी बोललो. उतर.”

ती उतरली. आबा चाकावर पाय देऊन हळूहळू चढले. सीटवर बसून त्यांनी मडगार्डावर थाप मारली.

“दस्तगीर. बस हितं.”

मिस्त्रींनी आधी हातांकडे बघितलं, मग लेंग्याला हात पुसले. “मी चालत येतो आबा.”

“चालत न्हाई. बस. रांगेतल्यांना दिसू दे कोन कुनाशेजारी बसलंय.”

मिस्त्री मडगार्डावर बसले. आत्तींनी दुधाची किटली त्यांच्या मांडीवर दिली. गिअर खडखडला आणि म्हातारा फाटकातून बाहेर पडला. रस्त्यावरून कुणीतरी काही विचारलं, आबांचा वरच्या पट्टीतला आवाज ऐकू आला. शब्द कळले नाहीत.

चावी ट्रॅक्टरबरोबर गेली होती. ताई अंगणात पिवळ्या चिखलात उभी होती. मी तिच्याजवळ गेले. 

“ताई...”

“थांब जरा,” ती म्हणाली. ती ऐकत होती.

डेअरीच्या वाटेवर शाळेमागे चढ आहे. इंजिनाचा आवाज तिथं पोचला आणि जड झाला, घुसमटल्यासारखा.

“थर्ड टाकलाय त्यांनी,” ताई म्हणाली. “चढाला थर्ड टाकतात कधी? आताच हेड बसवलंय.”

आवाज आणखी दबला. ठोके लांब लांब पडायला लागले. ताईचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला, क्लच असल्यासारखा. मीही श्वास धरून ऐकत होते. मग एकदम शांतता झाली. खडखड. आणि पुन्हा धडधड, या वेळी मोकळी, वर चढत जाणारी.

“मिस्त्रींनी सांगितलं असणार,” ताई म्हणाली. “आता सेकंड हाय.”

आवाज चढाच्या पलीकडे जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग पदर खोचून वाकली आणि फरशीवर विखुरलेले पाने एकेक करून पुसून पोत्यात भरायला लागली.